संघाचें दुकान कां बसतें ?

पीक बुडालें म्हणजे शेतकरी त्याचें कारण शोधतो. पाऊस ओढला कीं बीं निकस निघालें, खत उशिरा पडलें कीं रोग आला, याचा तो बांधावर उभा राहून विचार करितो व पुढील सालीं त्याप्रमाणें वागतो. परंतु त्याच शेतकऱ्याच्या भागभांडवलावर उभें राहिलेलें दुकान बसलें, म्हणजे मात्र "काळ बदलला, लोक बदलले" एवढें म्हणून तो मोकळा होतो. वस्तुतः दुकान बसण्याचीं कारणें पीक बुडण्याच्या कारणांइतकींच उघड असतात, व पाहणाऱ्यास तीं पुष्कळ आधीं दिसतातहि. तीं कोणतीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील बहुतेक खातेदार शेतकरी कोणत्या ना कोणत्या सहकारी संस्थेचे सभासद आहेत. तेव्हां हा विषय व्यापाऱ्यांचा आहे असें समजून त्यांस तो सोडून देतां येणार नाहीं.

पेठ आणि शाखांचीं दुकानें

राजर्षि शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली आणि गुळाच्या उलाढालीनें ती भरभराटीस आली. किरकोळ खरेदीसाठीं मात्र खेड्यांतील माणूस महाद्वार रोड, पापाची तिकटी, भाऊसिंगजी रोड याच भागांत जाई. तेथील दुकानें एकेका घराण्याचीं, पिढीजात. गिऱ्हाईक दुकानदारास ओळखी आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या आजोबांस. अशा दुकानाचा सगळा व्यवहार एका माणसाच्या डोळ्यासमोर चाले, हें त्याचें बळ. माल थोडा घ्यावा लागे व तो महाग पडे, हें त्याचें उणें.

यानंतर एकाच मालकीचीं, एकाच नांवाचीं व गांवोगांव शाखा असलेलीं दुकानें आलीं. यांसच साखळीचीं दुकानें म्हणतात. त्यांचा लाभ तीन प्रकारचा असतो. पहिला, पन्नास दुकानांचा माल एकदम घेतल्यामुळें तो स्वस्त पडतो. दुसरा, एका शाखेंत न खपणारा माल जेथें खपेल त्या शाखेंत नेतां येतो. तिसरा, नांव एकच असल्यामुळें एका ठिकाणीं मिळविलेला विश्वास सर्व ठिकाणीं उपयोगीं पडतो. यांतील तिसरा लाभ शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत मोठा आहे. लुगडें किंवा साखर डोळ्यांनीं पारखतां येते. खताच्या पोत्यांत काय आहे, हें मात्र पीक उभें राहीपर्यंत कळत नाहीं, आणि तें कळतें तेव्हां हंगाम हातचा गेलेला असतो.

हीच गरज ओळखून कोल्हापुरांत, तें संस्थान असतांनाच, १९३९ सालीं शेतकरी सहकारी संघाची स्थापना झाली. तात्यासाहेब मोहिते यांचें नांव त्या उभारणीशीं कायमचें जोडलें गेलें आहे. संघाचें बैल छाप खत जिल्ह्याच्या घराघरांत माहीत झालें. खतापासून किराणा, कापड, औषधें, पुढें पेट्रोल पंप, असा संघाचा पसारा वाढत गेला. शहरांत भवानी मंडपासारख्या मोक्याच्या ठिकाणीं इमारत आणि तालुक्यांतून शाखा, अशी ही शेतकऱ्यांच्या मालकीची साखळी होती. बाजारास आलेला शेतकरी संघांत गेल्यावांचून परत फिरत नसे, हें आजहि जुन्या माणसांच्या तोंडून ऐकावयास मिळतें.

नियंत्रणाचें पाणी

सहकारी दुकानांच्या भरभराटीचा एक भाग त्यांच्या कर्तबगारीचा होता हें खरें. परंतु दुसरा भाग परिस्थितीनें दिलेला होता, आणि तो वेगळा काढून पाहिला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत धान्य, साखर व रॉकेल यांची टंचाई पडली. कापडावर १९४३ सालीं नियंत्रण आलें. टंचाईचा माल वांटण्यास विश्वासाचीं ठिकाणें हवीं होतीं व सहकारी संस्था तीं होत्या. देशभर त्यांचीं दुकानें झपाट्यानें वाढलीं. युद्धानंतर नियंत्रणें सैल झालीं, तशीं त्यांतील कित्येक दुकानें तितक्याच झपाट्यानें बंद पडलीं.

१९६२ सालीं चीनच्या आक्रमणामुळें महागाईची धास्ती निर्माण झाली, तेव्हां केंद्र सरकारनें ग्राहक भांडारांची योजना पुन्हां हातीं घेतली. ठिकठिकाणीं जनता बझार निघाले. आपल्या राजारामपुरींत तर चौकालाच जनता बझारचें नांव पडलें. मुंबईंत १९४८ सालीं गिरणगांवांत रुजलेला अपना बाजार १९६८ पासून मोठ्या बहुवस्तु भांडाराच्या रूपानें पुढें आला. साखर, पामतेल, नियंत्रित कापड या मालासाठीं गिऱ्हाईक आपण होऊन रांगेंत उभें राही. जो माल दुसरीकडे मिळतच नाहीं, तो विकण्यास विक्रीची कला लागत नाहीं.

पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या पिकाची मुळें वरच राहतात. पाणी नियमित मिळतें तोंवर तें पीक हिरवेंगार दिसतें, पण एक पाळी चुकतांच मान टाकतें. नियंत्रणाच्या पाण्यावर वाढलेल्या दुकानांचें असेंच झालें. १९९१ नंतर एकेक बंधन उठत गेलें, माल जिकडेतिकडे मिळूं लागला आणि गिऱ्हाइकास निवड आली. ज्या संस्थांनीं आधींच्या सुगीच्या दिवसांत माल निवडण्याची, हिशेब ठेवण्याची व गिऱ्हाईक सांभाळण्याची शिस्त लावून घेतली होती, त्या तगल्या. ज्यांनीं रांग हीच आपली पुण्याई समजली, त्यांस रांग ओसरल्यावर काय करावें हें उमगलें नाहीं.

खतांच्या धंद्यास याच सुमारास दुसरा धक्का बसला. २५ ऑगस्ट १९९२ रोजीं केंद्र सरकारनें स्फुरद व पालाश खतांच्या किमतींवरील नियंत्रण उठविलें व त्यांचे भाव एकदम चढले. शेतकऱ्यास तो भाव पोत्यामागें दिसला. दुकानास तो निराळ्या रीतीनें भोंवला. पोत्याची किंमत दुप्पट झाली, तर त्याच भांडवलांत निम्मींच पोतीं बसतात. गोदाम तेवढेंच भरलेलें ठेवावयाचें तर कर्ज काढावें लागतें आणि कर्जाचें व्याज त्याच पोत्यावर चढतें.

भांडवलाची फिरत

येथें दुकानाच्या जीवनमरणाचा खरा प्रश्न येतो. दुकान इमारतीवर जगत नाहीं, नफ्याच्या टक्केवारीवरहि पुरतें जगत नाहीं. तें भांडवलाच्या फिरतीवर जगतें. हें एका साध्या हिशेबानें पाहूं.

समजा, एका शाखेंत १० लक्ष रुपयांचा माल भरला आहे व खरेदीच्या किमतीवर सरासरी शेंकडा ६ रुपये सुटतात. हा माल वर्षांत १२ वेळां विकून पुन्हां भरला, तर वर्षाची खरेदी १ कोटि २० लक्ष रुपयांची होते व तीवर ७ लक्ष २० हजार रुपये सुटतात. पगार, भाडें, वीज, वाहतूक व व्याज मिळून शाखेचा खर्च ५ लक्ष धरला, तर २ लक्ष २० हजार रुपये शिल्लक राहतात. आतां तोच माल वर्षांत ४ वेळांच फिरला असें धरा. खरेदी ४० लक्षांची व सुटणारी रक्कम २ लक्ष ४० हजार. खर्च मात्र तोच ५ लक्ष. म्हणजे २ लक्ष ६० हजार रुपयांची तूट आली. भाव बदलला नाहीं, टक्केवारी बदलली नाहीं, चोरी झाली नाहीं. केवळ माल हळू फिरला एवढ्यानें शाखा बुडाली.

माल हळू कां फिरतो ? बहुधा न खपणारा माल जागा अडवून बसतो म्हणून. आमच्या पाहण्यांतील एका शाखेच्या फळीवर कंदिलाच्या काचांचीं खोकीं रचलेलीं होतीं. गांवांत वीज येऊन एक पिढी लोटली होती. त्या काचा पुस्तकांत पूर्ण किमतीनें शिल्लक माल म्हणून धरल्या जात आणि दर वर्षीं ताळेबंदांत त्यांच्या जोरावर शाखा धडधाकट दिसे. अशा मालास दुकानाचें बांडगूळ म्हणावें. तो खपत नाहीं इतकेंच नव्हे, तर खपणाऱ्या मालाचा पैसा खाऊन बसतो. शिवाय पडून राहिलेल्या मालास उंदीर, ओल व मुदत हे तीन शत्रु असतात. पंचगंगेच्या २०१९ व २०२१ च्या महापुरांनीं सखल भागांतील दुकानदारांस त्यांत चौथा दाखविला.

उधारीचा घाव

फिरत मंदावण्याचें दुसरें कारण उधारी होय. वरील हिशेबांतील १० लक्षांपैकीं ५ लक्ष गिऱ्हाइकांकडे अडकले, तर फिरण्यास ५ लक्षच उरतात. ते १२ वेळां फिरले तरी खरेदी ६० लक्षांची व सुटणारी रक्कम ३ लक्ष ६० हजार होते. म्हणजे माल वेगानें खपत असूनहि १ लक्ष ४० हजारांची तूट ! गर्दी दिसते, गल्ला रिकामा राहतो, आणि कोणाचें कोठें चुकलें हें कोणासच कळत नाहीं.

उधारीचा हा धडा सहकाराच्या जन्माइतकाच जुना आहे. इंग्लंडांत रॉचडेल येथें विणकरांनीं १८३३ च्या सुमारास एक सहकारी दुकान काढलें होतें. तें उधारीनें दोन वर्षांत बुडालें. त्याच गांवीं २१ डिसेंबर १८४४ रोजीं दुसरें दुकान उघडलें. सभासद २८, भांडवल २८ पौंड आणि माल म्हणजे पीठ, लोणी, साखर व ओटचें पीठ. या वेळीं त्यांनीं नियम केला कीं व्यवहार रोखीचा, वजन चोख, आणि नफा उरेल तो ज्यानें जेवढी खरेदी केली त्या प्रमाणांत परत. जगभरच्या ग्राहक सहकाराचा उगम या दुसऱ्या दुकानापासून धरतात. पहिल्या व दुसऱ्या दुकानांत गांव तेंच होतें, कांहीं माणसेंहि तींच होतीं. मुख्य फरक उधारीचा होता.

यावर आपला शेतकरी म्हणेल कीं विणकरास आठवड्यास मजुरी मिळे, आमचा पैसा उसाच्या बिलांत अडकलेला असतो. ही अडचण खरी आहे. गाळप हिवाळ्यांत होतें आणि खरिपाचें खत ज्येष्ठ-आषाढांत लागतें. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असले, तरी तो पैसा पुढच्या पेरणीपर्यंत हातांत राहतोच असें नाहीं. परंतु या अडचणीसाठींच गांवोगांव विकास सेवा सोसायट्या आहेत. सोसायटीचें पीककर्ज उसाच्या बिलांतून कारखाना वळतें करून देतो, त्यामुळें तें वसूल होण्याची सोय आहे. दुकानाच्या उधारीस अशी कोणतीच सोय नाहीं. म्हणून कर्ज देणें हें सोसायटीचें काम व माल देणें हें दुकानाचें काम, असा भेद कसोशीनें पाळला पाहिजे. सभासदानें सोसायटीचें कर्ज घेऊन तें दुसरीकडे खर्चावें आणि संघाच्या शाखेंत येऊन "आपलीच संस्था" म्हणून खात्यावर पोतीं उचलावीं, हें दोन्ही संस्थांस मारक आहे. संचालकांनीं आपल्या गांवच्या माणसास उधार देण्याची चिठ्ठी द्यावी, हें त्याहून मारक आहे. कारण ती उधारी मागण्यास शाखेचा नोकर कधींच धजावत नाहीं.

भिंती कोणाच्या ?

बसलेल्या साखळीच्या दुकानांचीं बाहेरचीं उदाहरणें पाहिलीं तर आणखी दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली जागेसंबंधीं. वूलवर्थ या कंपनीनें इंग्लंडांतील पहिलें दुकान १९०९ सालीं लिव्हरपूल येथें उघडलें व पुढें त्या देशाच्या प्रत्येक लहानमोठ्या गांवाच्या मुख्य रस्त्यावर तिचें दुकान झालें. २००१ सालीं तिच्या १८२ दुकानांच्या इमारती ६१ कोटि ४० लक्ष पौंडांस विकण्यांत आल्या आणि त्याच जागा भाड्यानें घेण्यांत आल्या. विक्रीचा पैसा मूळ कंपनीकडे गेला, भाड्याचें ओझें मात्र दुकानांवर राहिलें. नोव्हेंबर २००८ मध्यें मंदी आली, पुरवठादार रोखीवांचून माल देईनात, आणि जानेवारी २००९ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारें ८०० दुकानें बंद होऊन सुमारें २७,००० नोकर घरीं बसले. जवळजवळ शंभर वर्षांचें नांव सहा-सात आठवड्यांत पुसलें गेलें.

आपल्याकडे २००१ सालीं निघालेल्या बिग बझारची कथा याच जातीची आहे. मोठीं दुकानें, मोठीं भाडीं, मोठें कर्ज. २०२० च्या करोनाच्या टाळेबंदींत विक्री थांबली, भाडें व व्याज थांबलें नाहीं. भाडेपट्टे दुसऱ्या बलाढ्य कंपनीकडे गेले व फेब्रुवारी २०२२ मध्यें तिनें त्या जागाच ताब्यांत घेण्यास आरंभ केला. ज्याच्या भिंती त्याचें दुकान, हा न्याय तेथें अक्षरशः प्रत्ययास आला. याउलट २००२ सालीं मुंबईंत पवई येथें आरंभ केलेल्या डी-मार्टनें बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या घेण्याचें, थोडा पण हमखास खपणारा माल ठेवण्याचें व पुरवठादारांचे पैसे लवकर भागवून त्याबद्दल सूट मिळविण्याचें धोरण ठेवलें. कोल्हापुरांतील त्याच्या दुकानीं आज खेड्यांतील गिऱ्हाईकहि महिन्याचा बाजार करावयास जातें. बारकाईनें पाहिलें तर या व्यापाऱ्यानें कोणतीहि अद्भुत युक्ति केलेली नाहीं. रोखीचा व्यवहार, जलद फिरत व स्वतःची जागा हीं त्याचीं सूत्रें होत, आणि त्यांतील पहिलें तर रॉचडेलच्या विणकरांचेंच आहे. आपण आपलें सूत्र सोडलें व त्यानें उचललें, एवढेंच झालें.

सहकारी संस्थांस जागेच्या बाबतींत पूर्वजांनीं मोठें दान दिलें आहे. मोक्याच्या जागा त्यांच्या स्वतःच्या आहेत. परंतु स्वतःची इमारत असली म्हणजे भाडें नाहीं, या समजुतीनें निष्काळजीपणा येतो. जी जागा दुसऱ्यास दिल्यास महिना ५० हजार भाडें आणील, तेथें आपलें दुकान ३० हजार मिळवीत असेल, तर पुस्तकांत नफा दिसूनहि संस्था महिना २० हजार गमावीत असते. सप्टेंबर २०२३ मध्यें नवरात्रांतील भाविकांच्या सोयीसाठीं भवानी मंडपांतील संघाची इमारत जिल्हा प्रशासनानें ताब्यांत घेतली व त्यावरून मोठा वाद झाला. त्यांतील कायद्याचा प्रश्न निराळा, त्याची चर्चा येथें करण्याचें कारण नाहीं. व्यापाराच्या दृष्टीनें मात्र त्यापासून एक बोध घेण्यासारखा आहे. ज्या वास्तूंत दिवसभर गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असते, तिचा दुसरा उपयोग करण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वापर हेंच मालकीचें उत्तम कुंपण होय.

शाखा किती असाव्या ?

दुसरी गोष्ट शाखांच्या संख्येची. मद्रासेकडे १९९७ सालीं निघालेल्या सुभिक्षा नांवाच्या किराणा दुकानांनीं थोड्या वर्षांत देशभर सुमारें १६०० शाखा काढल्या. पैसा शाखा उघडण्यांत गेला, माल भरण्यास व पगार देण्यास उरला नाहीं, आणि २००९ सालीं सगळीं दुकानें बंद पडलीं. उसाच्या एका डोळ्यास जितकें खतपाणी पुरेल तितक्यांत दहा डोळे लावले, तर एकहि धड ऊस हातीं लागत नाहीं.

आपल्याकडे शाखा वाढतात त्या कर्जाच्या हव्यासानें नव्हे, तर गांवाच्या मानासाठीं. शेजारच्या गांवीं शाखा आहे, मग आमच्या गांवीं कां नको ? संचालक निवडून यावयाचा असतो, शाखा मंजूर होते. पुढें ती तोट्यांत गेली तरी बंद करण्याचें नांव कोणी काढीत नाहीं. तोट्यांतील शाखेचा भार चांगल्या शाखेवर पडतो, चांगल्या शाखेस माल कमी पडूं लागतो, आणि तिचेंहि गिऱ्हाईक तुटतें. साखळीचा जो गुण, कीं एकीचें बळ दुसरीस मिळतें, तोच असा अवगुण होऊन बसतो. म्हणून प्रत्येक शाखेचा हिशेब स्वतंत्र असावा व तो सभासदांस स्वतंत्र दिसावा.

आपल्याच जिल्ह्यांत चांगलें उदाहरणहि आहे. वारणानगर येथें तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेनें १९७० च्या दशकांत वारणा बाजार उभा राहिला. खेड्यांतील लोकांसाठीं खेड्यांतच एका छपराखालीं सर्व वस्तु, ही कल्पना तेव्हां नवी होती. साखर कारखाना व दूध संघ यांचा पैसा ज्या टापूंत येतो, त्याच टापूंत तो खर्चण्याची सोय झाली. ज्या गिऱ्हाइकाची कमाई केव्हां होते व गरज काय असते हें दुकानास नीट ठाऊक आहे, तें गिऱ्हाईक राखणें सोपें जातें. शाखा पुढें कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत पसरल्या, पण मूळ आपल्या पाण्याच्या टापूंतच रुजलेलें होतें.

दुकान बसलें तर काय बिघडलें ?

कोणी म्हणेल, खाजगी दुकानें आहेत, मोठे बाजार आहेत, मोबाइलवरून मागविलेला माल घरपोंच येतो. मग संघाचें दुकान बसलें तर शेतकऱ्याचें काय जातें ? साबण व साखर यांच्या बाबतींत विशेष कांहीं जात नाहीं, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. जो माल सर्वत्र स्वस्त मिळतो, तो केवळ अभिमानापोटीं आपणहि विकण्याचा अट्टाहास संस्थेनें धरूं नये.

खत, बियाणें व औषध यांची गोष्ट वेगळी आहे. ऐन हंगामांत युरियाच्या पोत्याबरोबर नको असलेली दुसरी वस्तु गळ्यांत मारण्याचा प्रकार, ज्यास शेतकरी लिंकिंग म्हणतात, आपल्यापैकीं पुष्कळांनीं अनुभवला असेल. पोतें हवें असतें, पाऊस थांबत नाहीं, आणि तालुक्याच्या गांवीं दुसरें दुकान नसतें. अशा वेळीं आपल्या मालकीचें एक दुकान उघडें असणें व त्यांत माल असणें, हाच एक उपाय असतो. तें दुकान स्वतः विकतें तेवढ्याच पोत्यांवर लाभ देतें असें नाहीं. त्याच्या असण्यानें शेजारच्या दुकानदाराचा भावहि ताळ्यावर राहतो. हा दुसरा लाभ कोणत्याच ताळेबंदांत दिसत नाहीं, आणि म्हणून दुकान बंद झाल्यावरच त्याची किंमत कळते.

सभासदांचें कर्तव्य

सहकारी कायद्याप्रमाणें संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घ्यावी लागते. आपल्याकडील सभेंत लाभांश किती, भेटवस्तु कोणती आणि कोणत्या गटाची सरशी झाली, यांची चर्चा रंगते. त्याऐवजीं सभासदांनीं पुढील चार प्रश्न विचारण्याचा नेम धरावा.

१. प्रत्येक शाखेचा माल गेल्या वर्षांत किती वेळां फिरला ?
२. एक वर्षाहून जुनी उधारी किती, व तींत संचालकांची आणि त्यांच्या नातलगांची किती ?
३. शिल्लक मालापैकीं वर्षभर न हललेला माल किती, व तो कोणत्या किमतीनें धरला आहे ?
४. स्वतःच्या इमारतीचें वाजवी भाडें खर्चीं धरल्यास कोणती शाखा नफ्यांत राहते ?

या चार उत्तरांवरून संस्थेची नाडी कळते. ज्या व्यवस्थापकास हीं उत्तरें देतां येत नाहींत, त्यास स्वतःसहि तीं ठाऊक नसतात, आणि मग तोट्याची शाखा बंद करण्याचा निर्णय वेळेवर होत नाहीं. रोगट फांदी वेळीं छाटली तर झाड वांचतें. आपल्या गांवची फांदी छाटण्याची पाळी आली असतां हात वर करणारा सभासद संस्थेचा खरा हितकर्ता समजावा.

परंतु प्रश्न विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकास शोभतो. जो सभासद वर्षांतून एकदां सभेस येतो आणि वर्षभर खरेदी दुसरीकडे करितो, तो मतानें मालक असला तरी व्यवहारानें परका आहे. संघाच्या दुकानांत रोखीनें घेतलेलें एक पोतें हें सभेंतल्या दहा भाषणांपेक्षां अधिक कामाचें असतें. आपल्या आजोबांनीं दहा-वीस रुपयांचा भाग घेतला, त्या काळीं ती रक्कम त्यांस लहान नव्हती. त्यांनीं तो लाभांशासाठीं घेतला नव्हता. चोख वजनाचें खत वेळेवर मिळावें, एवढ्यासाठींच तो घेतला होता. ती गरज आज कमी झालेली नाहीं. येत्या हंगामांत पहिलें पोतें कोठें घ्यावयाचें, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें.